हृदयातील निकामी तार: काढावी की राहू द्यावी?

पेसमेकर ही वस्तू आता विदर्भातील खेड्यापाड्यांनाही अपरिचित राहिलेली नाही. हृदयाची गती मंदावली, चक्कर येऊन माणूस कोसळू लागला, की त्याला नागपुरास न्यावे, छातीत 'मशीन' बसवून आणावे आणि काही वर्षांनी बॅटरी संपत आली की पुन्हा नागपूरची वाट धरावी, हा क्रम चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील कित्येक कुटुंबांनी अनुभवला आहे. मशीन बदलावे लागते, हे या कुटुंबांना ठाऊक असते. मात्र त्या मशीनपासून हृदयापर्यंत गेलेल्या तारेचे काय होते, ती बिघडली तर काय करतात, नवी तार घातल्यावर जुनी कोठे जाते, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पुष्कळदा जुनी तार कोठेच जात नाही. ती तेथेच, हृदयाच्या आत टोक रोवून, आयुष्यभर पडून राहते. असे असणे बहुतेक वेळा निर्धोक असते. परंतु काही प्रसंगी तीच तार जिवावर बेतू शकते आणि तेव्हा ती काढण्यास उशीर परवडत नाही. हा फरक रुग्णाला, त्याच्या घरच्यांना आणि गावातील आरोग्यसेवकांना कळावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डबी बदलते, तार राहते

पेसमेकरचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे टायटॅनियम धातूची चपटी डबी. तिच्यात बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ही डबी गळ्याच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूस, त्वचेच्या आत केलेल्या एका कप्प्यात ठेवतात. दुसरा भाग म्हणजे तार. डॉक्टर तिला 'लीड' म्हणतात. साधारण दोन मिलिमीटर जाडीची आणि अर्ध्या मीटरहून थोडी अधिक लांबीची ही तार खांद्याजवळच्या नीलेत शिरते, छातीतील मोठ्या नीलेतून खाली उतरते आणि हृदयाच्या उजव्या अलिंदात किंवा उजव्या निलयात पोहोचते. आत धातूचे बारीक वेटोळे आणि बाहेर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचे आवरण, अशी तिची रचना असते. तिचे टोक इवल्याशा स्क्रूने किंवा काट्यांनी हृदयाच्या आतल्या भिंतीत अडकवलेले असते.

साध्या पेसमेकरला अशी एक किंवा दोन तारा लागतात. हृदयाच्या दोन्ही निलयांना एका लयीत आणणाऱ्या 'सीआरटी' या यंत्रास बहुधा तीन तारा असतात. घातक लय ओळखून विजेचा झटका देणाऱ्या 'आयसीडी' या यंत्राची तार अधिक जाड असते आणि तिच्यावर धातूची गुंडाळी असते.

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्यासरशी ही तार थोडी वाकते. म्हणजे वर्षभरात तिला साडेतीन कोटींहून अधिक वेळा वाकावे लागते. डबीची बॅटरी साधारणपणे सात ते बारा वर्षे टिकते आणि ती संपली की लहानशा शस्त्रक्रियेने डबी बदलता येते. तारेचे तसे नाही. चांगली तार दोन-तीन डब्यांना पुरते, पण ती बिघडली तर बाहेर काढणे हे डबी बदलण्याइतके सोपे काम नसते.

१९५८ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविण्यात आला. शल्यविशारद होते ओके सेनिंग आणि यंत्र बनविले होते अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी. तो पहिला पेसमेकर काही तासच चालला. लार्सन मात्र पुढे ४३ वर्षे जगले. २००१ साली ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांना २६ पेसमेकर बसविण्यात आले होते. माणूस यंत्रापेक्षा दीर्घायुषी ठरू लागला, तेव्हाच जुन्या यंत्राचे आणि जुन्या तारांचे करायचे काय, हा प्रश्न जन्मास आला.

तार नकोशी का होते?

तार निरुपयोगी ठरण्याची कारणे अनेक आहेत. आतील धातू तुटतो किंवा बाहेरचे आवरण झिजते. गळ्याचे हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात सापडून तार चिरडली जाते. काही रुग्णांत तारेच्या टोकाभोवती वण तयार होऊन हृदयाला उत्तेजित करण्यास अधिकाधिक वीज लागू लागते. कधी तार धडधाकट असते, पण रुग्णाची गरज बदलते. साध्या पेसमेकरच्या जागी आयसीडी बसवावे लागले, तर नवी जाड तार घालावी लागते आणि जुनी विनाकामाची होते.

आपल्या भागात शरीरश्रमाचाही विचार व्हायला हवा. रोवणी, तेंदूपत्त्याची तोडणी, जळाऊ लाकडाची मोळी, कुऱ्हाडीचे काम, बांबूची वाहतूक यांत खांदा सतत राबतो. पेसमेकर बसल्यावर माणसाने काम सोडावे, असे मुळीच नाही. पहिले काही आठवडे जपल्यानंतर बहुतेक नेहमीची कामे करता येतात. परंतु कोणत्या हाताने कुऱ्हाड चालते, कोणत्या खांद्यावर ओझे घेतले जाते, हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगितले तर यंत्र कोणत्या बाजूस बसवावे आणि तार कोणत्या मार्गाने न्यावी, हे ठरविताना त्याचा उपयोग होतो.

काही वेळा दोष मुळातच कारखान्यातून आलेला असतो. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मेडट्रॉनिक या कंपनीने आपली 'स्प्रिंट फिडेलिस' ही आयसीडीची तार बाजारातून मागे घेतली. तोपर्यंत जगभरात सुमारे २ लाख ६८ हजार तारा बसविल्या गेल्या होत्या. त्या तुटत असल्याचे आढळले होते. २०११ साली सेंट ज्यूड कंपनीच्या 'रियाटा' तारांबाबत असाच प्रसंग आला. त्यांत आतील धातूच्या दोऱ्या आवरण भेदून बाहेर येत होत्या.

घाईने काढण्याचा धडा

तारेत दोष आहे असे कळले, की ती तत्काळ काढून टाकावी, असे कोणालाही वाटेल. वैद्यकशास्त्रालाही एकेकाळी तसेच वाटले होते. १९९४ साली टेलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या 'अ‍ॅक्युफिक्स' या अलिंदातील तारेबाबत एक गंभीर गोष्ट उघडकीस आली. तारेला इंग्रजी 'जे' अक्षरासारखा बाक राहावा म्हणून तिच्यात एक बारीक धातूची तार घातलेली होती. ती आतली तार तुटून आवरणाबाहेर येत असे आणि हृदयाला भोसकण्याचा धोका निर्माण होई. काही रुग्ण त्यामुळे दगावले. साहजिकच अनेक ठिकाणी या तारा काढण्याची मोहीम सुरू झाली.

परंतु रुग्णांचा पद्धतशीर पाठपुरावा झाला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अहवालातून असे निष्पन्न झाले, की सरसकट तारा ओढून काढण्यातील धोका हा तार आपोआप इजा करील या धोक्यापेक्षा मोठा होता. म्हणून बहुतेक रुग्णांत तार तशीच ठेवून ठरावीक काळाने क्ष-किरणांखाली तपासत राहणे अधिक शहाणपणाचे ठरले. स्प्रिंट फिडेलिसच्या वेळी हा धडा उपयोगी पडला. सरसकट सर्वांच्या तारा काढण्याचा सल्ला तेव्हा देण्यात आला नाही.

याचे कारण शरीराच्या स्वभावात आहे. परकी वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती तंतुमय वेष्टन विणते. तार बसवून काही महिने लोटले, की ती नीलेच्या भिंतीला, हृदयातील त्रिदल झडपेजवळ आणि टोकापाशी चिकटू लागते. वर्षे जातील तसे हे वेष्टन घट्ट होते आणि त्यात कॅल्शियमही साचते. जुन्या कुंपणाची तार वाढत्या झाडाच्या खोडात रुतून बसावी, तशी ही अवस्था होते. ती ओढली तर तारेसोबत नीलेची किंवा हृदयाची भिंतही फाटू शकते. म्हणूनच एक वर्षाहून जुनी तार काढणे हे वैद्यकशास्त्रात स्वतंत्र आणि जोखमीचे काम मानले जाते.

राहू दिल्यास काय?

जंतुसंसर्ग नसेल आणि तार केवळ निरुपयोगी झाली असेल, तर डॉक्टरांसमोर दोन मार्ग असतात. एक म्हणजे तारेच्या बाहेरच्या टोकावर सिलिकॉनची टोपी बसवून, ते टाक्याने कप्प्यात नीट बांधून ठेवणे आणि शेजारून नवी तार घालणे. दुसरा म्हणजे जुनी काढून तिच्या जागी नवी बसविणे. पहिला मार्ग निवडला, तर जुनी तार आखूड कापून सोडू नये, असा संकेत आहे. कापलेले टोक आत सरकते आणि पुढे कधी ती काढण्याची वेळ आलीच, तर पकडण्यास काहीच उरत नाही.

ठेवलेल्या तारेचेही काही तोटे आहेत. खांद्याजवळच्या नीलेत तारांची गर्दी झाली, की तिच्यातून रक्त वाहण्यास अडथळा येतो. हात सुजू शकतो आणि पुढे नवी तार घालण्यास वाट उरत नाही. त्रिदल झडपेतून जाणाऱ्या तारा वाढल्या, की झडप नीट मिटत नाही. दोन तारा एकमेकींवर घासल्या, तर त्यातून उमटणाऱ्या खोट्या संकेतांमुळे यंत्राची दिशाभूल होऊ शकते. शिवाय आज ठेवलेली तार वीस वर्षांनी काढावी लागली, तर ते काम आजच्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

म्हणून या निर्णयात रुग्णाचे वय फार महत्त्वाचे ठरते. ऐंशीच्या घरातील, अन्य व्याधींनी गांजलेल्या आजोबांची निकामी तार सुखाने राहू द्यावी, हे बहुतेक वेळा योग्य असते. पण संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन विशीतच शस्त्रक्रिया झालेल्या आणि नंतर पेसमेकर लागलेल्या तरुणीपुढे आणखी चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य असते. एवढ्या काळात तिला अनेक डब्या आणि बहुधा एकाहून अधिक तारा लागतील. प्रत्येक वेळी जुनी ठेवून नवी घालत गेले, तर नीलेत जागाच उरणार नाही. अशा तरुण रुग्णांत तार अजून फारशी जुनी झालेली नसतानाच ती काढण्याचा विचार करणे हिताचे ठरू शकते. अमेरिकेतील हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक निवेदनातही, संसर्ग नसलेल्या तारेबाबत दोन्ही बाजूंचे लाभ-तोटे रुग्णापुढे मांडून त्याच्या संमतीने निर्णय घ्यावा, यावर भर आहे.

एमआरआयचा प्रश्न

ठेवलेल्या तारेचा आणखी एक परिणाम रुग्णाला अवचित कळतो. एमआरआय तपासणीत शक्तिशाली चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी वापरल्या जातात. डबीला न जोडलेली मोकळी तार त्या लहरी शोषून टोकापाशी तापू शकते, या भीतीने अशा रुग्णांचा एमआरआय वर्षानुवर्षे नाकारला जात असे. डबी 'एमआरआय-सुयोग्य' असली, तरी शेजारी एक निकामी तार असल्यास ते सारे यंत्रच त्या व्याख्येतून बाद होते.

गडचिरोलीच्या संदर्भात ही गोष्ट क्षुल्लक नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी ग्रामीण गडचिरोलीतील मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास करून २०१५ साली दाखवून दिले, की तेथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे होते. साधारण दर ७ मृत्यूंपैकी १ पक्षाघाताने होत होता. पक्षाघाताच्या निदानात मेंदूच्या एमआरआयची गरज पडू शकते. अशा वेळी रुग्णाच्या छातीत निकामी तार आहे की नाही, हे कळणे अत्यावश्यक ठरते.

दिलासा असा, की जुनी बंदी आता पूर्वीइतकी कडक राहिलेली नाही. २०२१ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निकामी तारा असलेल्या १३९ रुग्णांच्या २०० एमआरआय तपासण्यांचा आढावा घेण्यात आला आणि त्यांत तारेमुळे गंभीर अपाय झाल्याचे आढळले नाही. तथापि, असा एमआरआय अनुभवी केंद्रात, हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, यंत्राची मांडणी तात्पुरती बदलूनच केला जातो. बहुतेक प्रसंगी सीटी स्कॅनने काम भागते आणि सीटीला तारेचा अडसर नसतो.

जंतुसंसर्ग झाला, तर पर्याय एकच

येथवर सांगितलेले सारे संसर्ग नसलेल्या तारेविषयी झाले. जंतुसंसर्ग होताच हे गणित पूर्णपणे पालटते. डबी असो वा तार, धातू आणि प्लास्टिकच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात. त्या थराच्या आत प्रतिजैविके पुरेशी पोहोचत नाहीत. औषधाने ताप उतरतो, रुग्णाला बरे वाटते, गोळ्या थांबतात आणि काही आठवड्यांनी आजार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून अशा वेळी डबी, चालू तारा आणि जुन्या निकामी तारा असे सर्व काही बाहेर काढणे, हाच मान्यताप्राप्त उपचार आहे. अर्धवट काढून उपयोग होत नाही.

हे ज्ञान नवे नाही. तरीही ते अमलात येत नाही, असा अनुभव श्रीमंत देशांतही आहे. अमेरिकेत वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेतील रुग्णांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. यंत्रास संसर्ग झाल्याचे निदान झालेल्यांपैकी पाचांत एकाचेही यंत्र आणि तारा तीस दिवसांत पूर्णपणे काढल्या गेल्या नव्हत्या. ज्यांच्या लवकर काढल्या गेल्या, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते.

संसर्गाची चिन्हे दोन प्रकारची असतात. पहिली डोळ्यांना दिसतात. डबीवरची त्वचा लाल होणे, गरम लागणे, दुखणे, फुगणे, पातळ होऊन चकाकणे, छिद्र पडून पाणी किंवा पू येणे, डबीचा कोपरा अथवा तार बाहेर दिसू लागणे. कृश माणसाच्या त्वचेखाली चरबीचा थर पातळ असल्याने डबी घासून त्वचा विरण्याची शक्यता अधिक असते. डबी वा तार उघडी पडली, की ताप नसला तरी संसर्ग झालाच आहे, असे धरून चालावे. त्यावर मलमपट्टी करून वाट पाहू नये आणि फुगलेल्या जागी सुई घालून पाणी काढण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये. त्या सुईबरोबर बाहेरचे जंतू आत जातात.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. त्यात वरून काहीच दिसत नाही. संसर्ग आतील तारेवर असतो आणि रुग्णाला नुसता ताप येतो, थंडी वाजते, वजन घटते, धाप लागते. हिवतापाचा मोठा भार वाहणाऱ्या गडचिरोलीत थंडी वाजून ताप म्हटला, की मनात पहिले नाव हिवतापाचे येते आणि ते योग्यच आहे. हिवतापाची तपासणी पहिल्याच दिवशी झाली पाहिजे. पण पेसमेकर असलेल्या माणसाबाबत तेवढ्यावर थांबता येत नाही. हिवतापाची तपासणी नकारार्थी आली, किंवा उपचारानंतरही ताप परतला, तर तारेच्या संसर्गाची शंका घेतलीच पाहिजे.

अशा वेळी अंदाजाने प्रतिजैविकाचे इंजेक्शन टोचून मोकळे होणे घातक ठरते. त्यामुळे रक्तातील जंतू तात्पुरते दबतात, पुढील तपासणीत सापडत नाहीत आणि निदान लांबते. रुग्णाची अवस्था अगदीच चिंताजनक नसेल, तर प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्ताचे किमान दोन नमुने 'कल्चर'साठी घेतले जावेत. त्यानंतर इकोकार्डिओग्राफी करावी लागते. अन्ननलिकेतून नळी घालून केलेल्या इकोमध्ये तारेवरील जंतूंचे पुंजके अधिक स्पष्ट दिसतात. ही सोय गावात नाही, म्हणून रुग्णाला वेळीच पुढे पाठविणे, हाच गावपातळीवरचा खरा उपचार होय.

तार काढतात कशी?

पूर्वी तारेच्या बाहेरच्या टोकाला वजन बांधून ती दिवसेंदिवस ताणून ठेवीत. आता साधने सुधारली आहेत. तारेच्या पोकळीतून एक बारीक सळई शेवटपर्यंत सारून आत घट्ट अडकवितात, म्हणजे ओढताना तार लांबत किंवा तुटत नाही. मग तारेवरून एक नळी पुढे सरकवीत नेतात. या नळीच्या टोकाला लेझर असतो किंवा फिरते पाते असते. तारेभोवतीचे तंतुमय वेष्टन थोडे थोडे सोडवीत ही नळी हृदयापर्यंत जाते आणि शेवटी टोक सुटते.

युरोपातील १९ देशांतील ७३ रुग्णालयांत अशा साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेशी निगडित गंभीर गुंतागुंत १.७ टक्के रुग्णांत झाली आणि ०.५ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे हजारांत पाच. अनुभवी हातांत हे काम बऱ्यापैकी सुरक्षित आहे, असाच त्याचा अर्थ. पण छातीतील मोठी नीला फाटली, तर काही मिनिटांत छाती उघडून ती शिवावी लागते. त्यामुळे हृदयशल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असल्याखेरीज हे काम हाती घेतले जात नाही. जुनी तार, एकाहून अधिक तारा, कमी वजनाचा रुग्ण, आयसीडीची जाड तार, या गोष्टींनी धोका वाढतो.

संसर्गामुळे सर्व काढल्यावर रुग्णाला यंत्राची गरज अजूनही आहे का, हे नव्याने तपासले जाते. गरज असेल, तर रक्तातील जंतू नाहीसे झाल्याची खात्री करून बहुधा दुसऱ्या बाजूस नवे यंत्र बसवितात. तोवर तात्पुरत्या पेसमेकरवर काम चालते. काही रुग्णांना तारेविना चालणारा, थेट निलयात बसणारा कुपीएवढा पेसमेकरही लावता येतो. मात्र तो महाग आहे आणि प्रत्येकास योग्य नसतो.

अंतर आणि कागद

चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी तारा काढण्याचे काम मोठ्या शहरांतील ठरावीक केंद्रांतच होते. चंद्रपूर ते नागपूर अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. भामरागड, सिरोंचा ही तालुक्याची गावे तर आधी गडचिरोलीपासूनच पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच वारंवार तुटत आला आहे. म्हणून येथील रुग्णाने पावसाळ्यापूर्वी यंत्राची तपासणी उरकून घ्यावी आणि डबीवरच्या त्वचेत थोडाही बदल दिसला, तर पूर ओसरण्याची वाट न पाहता आधीच निघावे.

पैशांचा प्रश्नही आहेच. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत गडचिरोलीचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. पेसमेकर बसविण्याचा उपचार तिच्यात आहे. तार काढण्याच्या खर्चाचा कोणता भाग योजनेतून मिळेल, हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे.

या साऱ्यांत सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी साधन म्हणजे कागद. पेसमेकर बसविल्यावर मिळणाऱ्या ओळखपत्रावर डबीची आणि तारांची कंपनी, प्रकार, क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. डबी बदलली, की नवे ओळखपत्र येते आणि जुने पेटीच्या तळाशी जाते किंवा हरवते. निकामी झालेल्या तारेची नोंद मात्र पुष्कळदा त्या जुन्या पत्रावरच असते. म्हणून जुने एकही ओळखपत्र टाकू नये. प्रत्येक शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड जपावे. छातीचा एक एक्स-रे सोबत ठेवावा, कारण आत नेमक्या किती तारा आहेत, हे त्यात स्पष्ट दिसते. या कागदांची छायाचित्रे घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये असावीत, म्हणजे मूळ कागद भिजले तरी अडचण येत नाही. गावच्या आशाताईंना आणि आरोग्यसेविकेला या घरात पेसमेकरचा रुग्ण आहे, हे ठाऊक असावे.

बॅटरी बदलण्यासाठी जाल, तेव्हा डॉक्टरांना चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. माझ्या तारा नीट काम करीत आहेत का? एखादी निकामी तार आत आहे का, किंवा आता ठेवली जाणार आहे का? ती काढण्याचे आणि ठेवण्याचे धोके माझ्या वयाला काय आहेत? मला पुढे एमआरआय लागला, तर तो होऊ शकेल का? या प्रश्नांची उत्तरे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावीत. डबी बदलताना कप्पा पुन्हा उघडला जातो आणि संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो. तेव्हा त्यानंतरचे काही महिने त्या जागेकडे रोज आरशात पाहण्याची सवय लावावी.

निकामी तार आत आहे, एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. हजारो माणसे अशा तारा बाळगून शेती करतात, नातवंडे खेळवतात, पूर्ण आयुष्य जगतात. ती तार आत आहे हे मात्र विसरू नये. ताप रेंगाळला, डबीवरची त्वचा लालसर झाली, की त्या दिवशी तिची आठवण व्हावी आणि डॉक्टरांना ती आपणहून सांगावी. तेवढी एक गोष्ट वेळेवर सांगितली गेली, तर निदानातील कित्येक आठवडे वाचतात, आणि अशा आजारात त्या आठवड्यांवरच जीव अवलंबून असतो.